पाण्यातला भात



वसंत व्याख्यानमाला नेहमी संध्याकाळी भरते. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात ही प्रथा सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रात गावोगावी गेली; पण वैशाखात दुपारी एक वाजता व्याख्यान ठेवण्याचे धाडस कोणा चिटणिसाने केल्याचे मी ऐकलेले नाही. ते योग्यच आहे. त्या वेळी श्रोते यावयाचे नाहीत, आणि वक्त्यालाही घाम पुसण्यापलीकडे काही सुचावयाचे नाही. मात्र ज्या वेळी आपण पडदे ओढून पंख्याखाली आडवे झालेलो असतो, त्याच वेळी आपल्याच शहरात एखाद्या अर्धवट इमारतीच्या पाचव्या मजल्यावर कोणीतरी नळ जोडीत असतो. हा माणूस दुपारी काय खातो, एवढाच माझा आजचा विषय आहे.

विषय भाताचा आहे. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने पगार, बोनस, भविष्यनिर्वाह निधी सोडून भातावर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. तसे वाटत होते म्हणूनच माझ्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीची उकल मला घरापासून पुष्कळ दूर, ओडिशातल्या एका रस्त्याकडेच्या खोपटात झाली.

माझी चूक

२०१६ सालची गोष्ट. पुण्याबाहेर एक मोठे बांधकाम चालू होते. त्यावर नळकाम करणारे चाळीसेक कारागीर होते, ते सगळे ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातले. हा योगायोग नव्हे. हा जिल्हा, विशेषतः त्यातला पट्टामुंडाईचा भाग, प्लंबर मंडळींसाठी भारतभर प्रसिद्ध आहे. या कामाचे शिक्षण देणारी सरकारी संस्थाही तेथे आहे. सुरतेच्या यंत्रमागावर जसा गंजाम जिल्ह्याचा ओडिया मजूर, तसा मोठमोठ्या शहरांतल्या नळांमागे केंद्रपाड्याचा कारागीर. आपण तोटी फिरवतो आणि पाणी येते. ते आणून देणाऱ्याचे गाव आपल्याला ठाऊक नसते.

जेवणाच्या सुट्टीत मी तेथे गेलो, तेव्हा डबे उघडलेले होते. डब्यात पाणी, पाण्यात आदल्या रात्रीचा भात, शेजारी एक कांदा आणि दोन मिरच्या. वास किंचित आंबूस. माझे डोके फिरले. माणसांना शिळ्या भातावर राबवून घेतात म्हणजे काय! मी तसाच ठेकेदाराकडे गेलो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे २५० किंवा अधिक मजूर असतील तेथे उपाहारगृह हवे, हे कलम त्याच्यापुढे ठेवले. तीन आठवडे भांडलो. अखेर त्याने मान्य केले : दुपारी गरम पोळ्या, डाळ आणि भाजी. आम्ही पेढे वाटले.

आठव्या दिवशी पुन्हा गेलो. पोळ्यांची चवड तशीच पडलेली होती आणि कारागीर आपल्या पत्र्याच्या खोल्यांत बसून पाण्यातला भात खात होते. ठेकेदार हसून म्हणाला, "पुढारी, तुमच्या पोळ्या इथल्या कुत्र्यांना फार आवडल्या." मी रागारागाने त्यांच्यातल्या एका वयस्क कारागिराला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मागणी चांगलीच होती. फक्त आम्हांला विचारायला हवे होते."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

रस्त्याकडेचे खोपट

दोन वर्षांनी, २०१८ च्या मे महिन्यात, त्यांच्यापैकी एकाच्या अपघात-भरपाईची कागदपत्रे पुरी करण्यासाठी मला त्याच्या गावी जावे लागले. कटकहून केंद्रपाड्याच्या वाटेवर बस नादुरुस्त झाली. दुपारचे बारा वाजून गेले होते. समुद्राकडच्या मुलखातले ऊन आपल्या देशावरच्या उन्हासारखे कोरडे नसते; हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, अंगावरून नुसता ओघळत राहतो. मला भूक अशी नव्हतीच, नुसती काहिली होत होती.

रस्त्याच्या कडेला बांबूचे खांब आणि वर ताडपत्री, असे एक खोपट होते. एक बाई आणि तिचा मुलगा ते चालवीत होते. सारे तिला 'माउसी' म्हणत. आपली मावशीच ती. चुलीवर काही नव्हते. दुपारच्या वेळी चूल थंड असलेली खानावळ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. बाकावर रिक्षावाले, एक ट्रकचालक, दोन गवंडी बसलेले, आणि सगळ्यांपुढे तोच तो पाण्यातला भात. दुसरे काही मिळते का, असे मी हिंदीत विचारले. माउसीने मान हलविली आणि माझ्या तोंडाकडे पाहून न विचारताच एक खोलगट थाळा पुढे ठेवला.

आता आपल्या मराठी माणसाची भाताविषयीची कल्पना काय असते? भात वाफाळलेला हवा, त्यावर वरण, तूप आणि लिंबाची फोड. शिळा उरलाच तर सकाळी कांदा-मिरची घालून फोडणीचा भात. गार भात पाण्यात बुडवून खाणे आपल्याला दारिद्र्याचे किंवा आजारपणाचे लक्षण वाटते. मी पहिला घास नाइलाजाने घेतला.

तो आंबट होता, पण ताकाइतका नाही. शिते फुगलेली, मऊ, तरी एकमेकांपासून सुटी. शेजारी चार वाट्या होत्या. एकीत उडदाच्या वड्या भाजून, चुरून, त्यांत लसूण, कांदा, मिरची आणि कच्चे मोहरीचे तेल कालवलेले होते. त्याला 'बडी चुरा' म्हणतात. आपल्या सांडग्यांचा चुरा म्हटले तरी चालेल. दुसरीत मोहरीच्या तेलातले बटाट्याचे भरीत, तिसरीत परतलेली पालेभाजी, चौथीत तळलेल्या माशाचा लहानसा तुकडा. शेजारचा ट्रकचालक मला खुणेने शिकवीत होता : मीठ घाला, भात पाण्यातच बोटांनी कुस्करा, घासागणिक मिरचीचा चावा घ्या, आणि शेवटी थाळा तोंडाला लावून पाणी पिऊन टाका. त्या पाण्याला 'तोराणी' म्हणतात. मी सगळे त्याच्या सांगण्याप्रमाणे केले. तोराणी पोटात गेली आणि दहा मिनिटांत अंगातली काहिली उतरू लागली. मग डोळे जड झाले. बाकावरचे निम्मे लोक पेंगतच होते. पखाळ खाल्ल्यावर झोप येते, ही ओडिया माणसाची घरगुती थट्टा आहे. ती खोटी नाही.

दुसरी बस तीन तासांनी आली. त्या तीन तासांत माउसीने मला तिची सारी कृती दाखविली, आणि जे तिने दाखविले त्याची कारणे मी पुढे पुस्तकांतून आणि जाणकारांकडून समजून घेतली. तीच आता क्रमाने सांगतो.

पखाळ म्हणजे काय

या पदार्थाचे नाव 'पखाळ'. ओडिया भाषेत आपल्यासारखाच 'ळ' आहे. हा शब्द संस्कृत 'प्रक्षालन' यापासून आला, असे सांगतात. आपल्या जुन्या मराठीतही 'पखाळणे' म्हणजे धुणे असे क्रियापद आहेच. आषाढी-कार्तिकीची गर्दी ओसरली की पंढरपुरात विठोबाची प्रक्षाळपूजा होते. उभे राहून शिणलेल्या देवाचा शीण उतरावा हा तिचा हेतू. ओडिशातल्या शेतकऱ्याने आपला शीण उतरविण्यासाठी तोच शब्द भाताला लावला, असे मला आपले वाटते.

भात शिजवावयाचा, पूर्ण निववावयाचा आणि मग पाण्यात बुडवून ठेवावयाचा, एवढीच कृती. लगेच खाल्ला तर तो 'सज' म्हणजे ताजा पखाळ. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ला तर 'बासी'. दही घातले की दही पखाळ, जिऱ्याची फोडणी दिली की जिरा पखाळ. पुरीच्या जगन्नाथाच्या नैवेद्यातही पखाळ असतो. हा प्रकार एका ओडिशाचाच आहे असेही नाही. बंगालात त्याला पांता भात म्हणतात, आसामात पोइता भात, छत्तीसगडात बोरे-बासी, तामिळनाडूत पळय सादम. म्हणजे जेथे जेथे भात हेच मुख्य अन्न आणि उन्हाळा कडक, तेथे तेथे माणसाने हीच युक्ती काढली.

आपल्या कोकणी श्रोत्यांना यात परके काही वाटू नये. ओडिया घरांत रोजचा तांदूळ बहुधा 'उसुना' म्हणजे उकडा असतो, आणि न उकडलेला तो 'अरुआ'. तळकोकणात उकडा आणि सुरय म्हणतात तोच हा भेद. भाताच्या निवळीला ओडियात 'पेज' म्हणतात, आपणही तो शब्द अशाच अर्थाने वापरतो. हजार मैलांवरच्या खोपटात मला माझ्या आजीच्या स्वयंपाकघरातला शब्द ऐकू आला.

उकडा तांदूळ ही सामान्य गोष्ट नव्हे. भाताचे दाणे टरफलासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडतात. त्यामुळे कोंड्यातले जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि पुढे कांडले तरी सगळे निघून जात नाही. याचे महत्त्व जगाला उशिरा कळले. जावा बेटात आइकमन या डच डॉक्टरने १८९० नंतरच्या दशकात पाहिले की पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात. पुढे १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मलायात तर हा प्रयोग मजुरांवरच होऊन गेला होता : पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने मेले आणि उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर त्यातून बरेचसे वाचले. ज्या तांदळाला बाजार हलका मानतो, त्याने माणसे वाचविली.

रात्रभरात काय घडते

भात शिजताना बहुतेक जंतू मरतात. तो निवल्यावर भांड्यातून, हवेतून आणि पाण्यातून नवे येतात. त्यांत दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचे भाऊबंद असतात. ते भातातील पिष्ट आणि साखर यांवर वाढतात आणि दुग्धाम्ल तयार करतात. तोराणीची आंबूस चव ती हीच. माउसी नव्या भांड्यात जुन्या तोराणीचा एक पेला ओतीत होती, आपण दुधाला विरजण लावतो तसा. तिने जंतुशास्त्र वाचलेले नव्हते, पण विरजणाचे तत्त्व तिच्या हातात होते.

या आंबण्याने तीन फायदे होतात. पहिला असा की, आम्लता वाढली की पुष्कळसे घातक जंतू तेथे वाढू शकत नाहीत. दुसरा असा की, धान्यात लोह आणि जस्त यांना बांधून ठेवणारे एक आम्ल असते. आंबविल्याने ते काही अंशी फुटते, आणि अडकलेले क्षार शरीराला अधिक सुलभपणे घेता येतात. आंबील आणि इडली यांतही हेच घडते. तिसरा असा की, निवलेल्या भातातील काही पिष्ट घट्ट होते, ते लहान आतड्यात पचत नाही आणि पुढे मोठ्या आतड्यातल्या उपकारक जंतूंचे खाद्य होते. भुवनेश्वरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तोराणीचा या दृष्टीने अभ्यास केलेला आहे.

मात्र येथे एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. तांदळात मातीतून आलेला बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू भाताच्या उकळीलाही दाद देत नाहीत. कोमट भात तासन्‌तास तसाच झाकून ठेवला तर ते रुजतात आणि वांती आणणारे विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा तापवूनही नाहीसे होत नाही. म्हणजे ज्या फोडणीच्या भातावर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, तो विश्वास एकट्या फोडणीवर टाकण्यासारखा नाही. भात रात्री कसा ठेवला होता, यावर सारे आहे. पखाळातही भात आधी पसरून पूर्ण निववणे, भांडे आणि हात स्वच्छ असणे, दुसऱ्या दिवशी तो संपविणे, या गोष्टी पाळाव्याच लागतात. आणि सर्वांत मोठी अट पाण्याची. पखाळात पाणी उकळले जात नाही. पाणी घाण असेल तर तो घाण पाण्याचाच पदार्थ होतो. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

ऊन आणि तोराणी

उन्हात जड काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पिऊन ते भरून येत नाही. मीठ घातलेली तोराणी पाणीही देते, मीठही देते आणि थोडे पिष्टही देते. १९७१ साली बांगलादेशाचे निर्वासित बनगावच्या छावणीत पटकीने मरत होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून असंख्य प्राण वाचविले. पुढे ढाक्याच्या संशोधन संस्थेत साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरून तसेच पाणी करून पाहिले आणि तेही पटकीच्या रोग्यांना गुणकारी ठरले. याचा अर्थ तोराणी हे औषध आहे असा मुळीच नाही. रोग्याला दवाखान्यातच न्यावयाचे. पण निरोगी मजुराचे भर दुपारचे अन्न म्हणून तांदळाचे खारट-आंबट पाणी निवडणाऱ्याची अक्कल गहाण पडलेली नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

आणि ऊन म्हणजे काय, हे ओडिशाला शिकवावे लागत नाही. १९९८ च्या उन्हाळ्यात त्या राज्यात उष्माघाताने २०४२ माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. तेव्हापासून तेथे उन्हाळ्याचा खास बंदोबस्त सुरू झाला. रस्तोरस्ती पाणपोया लागतात, शाळा सकाळच्या होतात, आणि कडक उन्हाच्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारापासून दुपारी तीन-साडेतीनपर्यंत उघड्यावरचे काम थांबविण्याचे हुकूम निघतात. पखाळ आणि दुपारची विश्रांती यांची जोडी आहे. आपण मजुराला गरम पोळ्या देऊन दीड वाजता पुन्हा उन्हात उभा करीत होतो, आणि त्यालाच सुधारणा म्हणत होतो.

लाज कोणाची?

मग या अन्नाची लाज का वाटावी? केंद्रपाड्याचे ते तरुण कारागीर मला पाहताच डबे झाकून घेत, हे मला नंतर आठवले. अन्नाची लाज हा फार जुना रोग आहे. १८६६ साली ओडिशात जो दुष्काळ पडला त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली. बाहेरून धान्य आणण्यात सरकारने केलेला उशीर त्याला पुष्कळ अंशी कारण झाला. जी माणसे सरकारी अन्नछत्रात जेवून जगली, त्यांना त्यांच्याच जातींनी वाळीत टाकले आणि 'छत्रखिया' अशी त्यांची वेगळी जातच होऊन बसली. आणि हे त्याच मुलखात, जेथे पुरीच्या आनंदबाजारात जगन्नाथाचा महाप्रसाद सर्व जातींचे लोक एका ठिकाणी खातात! देवाच्या दारातले अन्न चालते, भुकेच्या दारातले चालत नाही.

आता वारा उलटा वाहू लागला आहे. ओडिया लोक २० मार्चला पखाळ दिवस साजरा करू लागले आहेत. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या पाककौशल्याच्या एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी स्पर्धेत किश्वर चौधरी या बांगलादेशी वंशाच्या बाईंनी अंतिम फेरीत पांता भात मांडला आणि तिसरा क्रमांक मिळविला. आमच्या गोंदिया-गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडात तर २०२२ च्या १ मे रोजी, कामगारदिनी, श्रमिकांच्या सन्मानार्थ सर्वांनी बोरे-बासी खावी असे आवाहन खुद्द मुख्यमंत्र्यांनी केले. बडे अधिकारी मजुरांचा भात खाताना छायाचित्रांत झळकले.

या गोष्टींचा मला आनंद आहे. पण आनंदाच्या भरात एक गफलत होते, ती मी आपल्यापुढे ठेवतो. बड्या हॉटेलात जेव्हा पखाळ येतो, तेव्हा त्याच्याभोवती आठ वाट्या असतात. मजुराच्या डब्यात एक कांदा आणि दोन मिरच्या असतात. तांदळात प्रथिने शेकडा सात-आठच्या सुमारास, आणि त्यांतही एक आवश्यक घटक अपुरा. उडदात प्रथिने शेकडा चोवीसच्या सुमारास, आणि तांदळाची उणीव डाळ भरून काढते. म्हणजे भाताशेजारचा बडी चुरा हे निव्वळ तोंडीलावणे नव्हे. भाजी, मासा आणि बडी मिळून ते अन्न पुरे होते. भात कसा ठेवावा ही विद्या त्या माणसाजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. शेजारच्या वाट्या भरणे मात्र त्याच्या विद्येवर नाही, मजुरीवर अवलंबून आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात. पण मजुराच्या संसाराची परीक्षा शितावरून होत नाही, ती शेजारच्या वाट्यांवरून होते. २०१६ साली मी डब्यात पाहिले तेव्हा बोट दाखविले ते भाताकडे. दाखवावयास हवे होते रिकाम्या वाट्यांकडे.

एक तोटी

२०१९ च्या एप्रिलमध्ये त्याच बांधकामावर जुलाब-वांत्यांची साथ आली. एकोणीस माणसे आडवी झाली. ठेकेदाराने तोड काढली की हे लोक सडका भात खातात; दोष त्यांचा, म्हणून आजारपणाच्या दिवसांची मजुरी मिळणार नाही आणि यापुढे खोल्यांत पखाळ करण्यास बंदी. दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर कदाचित त्याला दुजोरा दिला असता.

या वेळी मी आधी खोलीखोलीत जाऊन बसलो आणि विचारले. आजारी एकोणिसांपैकी सात जण उत्तरेकडचे सुतार होते. ते पोळ्या खाणारे. पखाळाला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. उलट ओडिया कारागिरांपैकी जे दूरच्या देवळाच्या नळावरून हंडे भरून आणीत, ते तोच पखाळ खाऊन ठणठणीत होते. मग भातात नव्हे, दोघांना समान अशा गोष्टीत दोष असला पाहिजे. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मूळ असेच शोधले होते. कोण आजारी पडले, आणि त्या सर्वांनी कोणते पाणी प्याले. आम्ही टँकरच्या पाण्याने भरली जाणारी टाकी पाहावयास गेलो. तिला झाकण नव्हते. आत जे दिसले ते या सभेत सांगण्यासारखे नाही. पाण्याचा नमुना तपासून घेतला. पाणी पिण्यास अयोग्य ठरले.

बुडालेली मजुरी मिळाली. पखाळाची बंदी उठली. पण त्या बैठकीत मला खरोखर लाज आणणारी गोष्ट निराळीच होती. आठशे बिऱ्हाडांचे नळ जोडणाऱ्या त्या चाळीस माणसांच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची एकही तोटी नव्हती. इतकी वर्षे मी तेथे जात होतो. भाताला नावे ठेवली, पोळ्यांसाठी भांडलो, आणि तोटी नाही हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. कारण मी त्यांच्याबरोबर कधी जेवलो नव्हतो. जेवलो असतो तर हात धुवावयास पाणी मागितलेच असते.

या वेळची मागण्यांची यादी कारागिरांनीच सांगितली आणि मी लिहून घेतली. स्वच्छ पाण्याच्या दोन तोट्या. झाकणाची टाकी. भात निवत ठेवण्यासाठी सावलीची, जाळीबंद जागा. वैशाखात दुपारी बारा ते तीन विश्रांती आणि त्या बदल्यात सकाळी लवकर काम. आणि शेवटी मजुरीत वाढ, जिच्यापुढे त्या वयस्क कारागिराने मला मुद्दाम दोन शब्द लिहावयास लावले : 'मासळी आणि डाळ'. पोळ्यांचे नाव त्या यादीत कोठेही नव्हते. तोट्या आल्या, टाकीवर झाकण आले, विश्रांती दोन तासांची मिळाली. मजुरीवरचे भांडण पुढे पुष्कळ दिवस चालले आणि मागितले त्याच्या निम्मेच पदरात पडले.

श्रोतेहो, परका पदार्थ समोर आला की आपण प्रथम नाक मुरडतो. अलीकडे त्याचे छायाचित्र काढतो. माझी विनंती तिसऱ्या गोष्टीची आहे. आपल्या इमारतीचे काम चालू असेल तर एखाद्या दुपारी खाली उतरा आणि त्या माणसांना विचारा, तुम्ही काय खाता, आणि त्यात घालावयाचे पाणी कोठून आणता. त्यांनी घास पुढे केला तर घ्या. पहिला घास आंबट लागेल. दुसऱ्याला हरकत वाटणार नाही.